एकवीस अंशांचं स्वयंपाकघर

अख्ख्या नगर जिल्ह्यात अशी एकही वस्तू उरली नसेल, की जिचं तापमान माझ्या साडूंनी घेतलेलं नाही. भुईकोट किल्ल्याचा बुरूज, माळीवाड्याच्या स्टँडवर उन्हात उभ्या असलेल्या एसटीचा टप, राहुरीच्या बाजारातली एक म्हैस आणि त्या म्हशीच्या मालकाचं डोकं, हे सगळं त्यांच्या वहीत तारीखवार लिहिलेलं आहे. शेवगावला एका लग्नात नवरानवरीला आशीर्वाद द्यायला उभे राहिलेले एक पाहुणे काही केल्या खाली बसेनात, तेव्हा साडूंनी तिसऱ्या रांगेतून त्यांच्या टकलावर नेम धरला, यंत्राच्या मागचा आकडा वाचला आणि माझ्या कानाशी लागून म्हणाले, "चौतीस. अजून वीस मिनिटं सहज बोलतील." पाहुणे पंचवीस मिनिटं बोलले. त्या पाच मिनिटांची चूक साडू आजही मान्य करतात.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरीत असताना ते पुण्यात एका सरकारी कचेरीत बसून उपग्रहाच्या चित्रांवरून कुठे किती ऊस उभा आहे ते ओळखायचे. उसाच्या शेतात त्यांनी जन्मात पाऊल टाकलं नव्हतं, पण आकाशातून ऊस दाखवला तर तो आडसाली की सुरू, म्हणजे कोणत्या हंगामात लावलेला, हे सांगायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी सावेडीत आमच्याच गल्लीत, आमच्या भिंतीला भिंत लागून घर घेतलं. माझं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, नळ, रंग, पत्रे असं सगळं मी विकतो आणि मुलगाही माझ्याबरोबर दुकानातच बसतो. शेजारी नात्यातला माणूस आला, आता संध्याकाळी दोन डाव पत्त्यांचे होतील, अशा भाबड्या आनंदात मी त्यांचं सामान टेम्पोतून उतरवायला गेलो. पहिलंच खोकं उचललं तर त्यावर लिहिलेलं होतं, 'उष्णता : सावकाश धरा.'

त्या खोक्यात ते यंत्र होतं. दिसायला पिवळं पिस्तूल. घोडा दाबला की समोरच्या वस्तूवर लाल ठिपका पडतो आणि मागच्या काचेवर आकडा उमटतो. गल्लीनं पहिल्या आठवड्यातच त्याचं नाव 'बंदूक' ठेवलं. स्टँडवर एसटीवर नेम धरून उभे असताना एका हवालदारानं साडूंना हटकलं, तेव्हा त्यांनी शांतपणे त्याला सगळं समजावून सांगितलं. प्रत्येक तापलेली वस्तू डोळ्याला न दिसणारे किरण सोडत असते, त्यांना अवरक्त किरण म्हणतात, हे यंत्र ते किरण टिपतं, आणि असंच एक पण फार मोठं यंत्र उपग्रहावर बसवलेलं असतं, ते अख्ख्या शहरातली उष्णता वरून मोजत जातं. हवालदारानं सगळं ऐकून घेतलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच आपला बूट पुढे केला. "एवढा बघा जरा," तो म्हणाला, "दिवसभर पाय नुसते भाजून निघतात." साडूंनी त्याच्या दोन्ही बुटांची नोंद घेतली. उजवा जास्त निघाला.

पण बंदूक हा त्यांचा फावल्या वेळचा छंद. खरा संसार त्यांचा उपग्रहाशी. ठरावीक दिवसांनी सकाळी साडेदहा-अकराच्या सुमाराला तो नगरवरून जातो. साडू त्याला नुसतं 'तो' म्हणतात. "आज तो येणार," असं सकाळी चहाच्या वेळी जाहीर झालं की त्या दिवशी ते दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून गच्चीत उभे राहतात. आमच्या घरी निरोप येतो की काळं घोंगडं वाळत घालू नका. वर बघून काही दिसत नाही हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, तरी ते वर बघतात. एकदा मी म्हटलं, "अहो, त्याला तुमचा सदरा दिसणार आहे का?" ते म्हणाले, "तसं नव्हे. त्याच्या एका चौकोनात आपल्या गल्लीतली साठ घरं मावतात, आणि साठ घरांचा मिळून एकच आकडा येतो. त्यात थोडासा मीही असतो." हे बोलताना त्यांचा चेहरा असा काही झाला होता की पुढच्या वेळी मीही गच्चीत गेलो, फक्त दाढी न करता.

मग संगणकावर ती चित्रं उतरवून घ्यायची, चौकोन मोजायचे आणि मोठ्या कार्डशीटवर स्केचपेननं ते रंगवायचे, असा त्यांचा उद्योग. थंडगार ते निळं, मग हिरवं, पिवळं, केशरी आणि शेवटी लाल. बाहेरच्या खोलीत सगळा नगर जिल्हा असा भिंतीवर लटकलेला. भिंगारची झाडं हिरवी, कापडबाजार केशरी, एमआयडीसी ठिकठिकाणी पेटलेली, आणि वर कोपऱ्यात प्रवरेच्या काठानं कोल्हारकडे निळी पट्टी गेलेली. एक नगरसेवक मोठ्या कौतुकानं तो नकाशा बघायला आले होते. बराच वेळ न्याहाळून त्यांनी विचारलं, "शेजारच्या वॉर्डाला एवढा भारी रंग, आणि आमच्या वॉर्डाला हा असला फिका? आमच्या लोकांनी काय घोडं मारलंय?" साडूंनी पाऊण तास समजावलं की फिका रंग चांगला. नगरसेवकांनी मान डोलावली आणि जाताना दारात मला म्हणाले, "त्यांना सांगा, निदान केशरी तरी करा."

या नकाशांच्या बाबतीत साडूंचं एक तत्त्व होतं, आणि पुढचं सगळं रामायण त्या तत्त्वामुळे घडलं. उपग्रह वरून बघतो, तेव्हा आपणही प्रत्येक वस्तू वरूनच मोजायची. चहा मोजायचा तर ते स्टुलावर चढून कपात बघायचे. माझा ताप मोजायला आले ते पलंगावर उभे राहिले. आणि गल्लीचा वेगळा, घराघराचा नकाशा करायचा ठरवला तेव्हा भर उन्हाळ्यात, ऐन दुपारी, डोक्याला ओला पंचा बांधून बांबूच्या शिडीनं ते साठच्या साठ छपरांवर चढले. खाली बायका जीव मुठीत धरून उभ्या आणि वरून हे आकडे ओरडताहेत, असं चार दिवस चाललं. त्या नकाशात आमचं घर पडलं लालभडक. गच्ची गळायची म्हणून मी तिला डांबर फासलं होतं, दुकानातलंच, आणि मोकळ्या हातानं. आणि साऱ्या गल्लीत निळं घर एकच, साडूंचं.

त्यांच्या घराच्या मागच्या अंगाला वाढवलेलं स्वयंपाकघर आहे, त्यावर चकचकीत पत्रा. पत्रा माझ्याच दुकानातला, आणि नकाशात घराचा आकडा आला तोही त्याचाच. साडू दर रविवारी भल्या पहाटे, गार असताना, वर चढून तो धुवायचे, पुसायचे, इतका की त्यात कावळेसुद्धा आपलं तोंड बघून दचकायचे. त्या पत्र्याखाली माझी मेहुणी, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, दुपारी पोळ्या लाटायची. चैत्र लागला की ती पदरानं मान पुसत अंगणात यायची आणि म्हणायची, "अहो, आत शिजायला होतंय." साडू लगेच शिडी लावायचे, वर जायचे, पत्र्यावर नेम धरायचे आणि वरून आकडा सांगायचे, "एकवीस. अगं एकवीस अंश म्हणजे महाबळेश्वर झालं. तुला उगाच वाटतं." अक्का वर बघून म्हणायची, "हो का? मग स्वेटर घालून लाटते." आणि आत जायची. तीन उन्हाळे हे चाललं. आम्ही भिंतीपलीकडून ऐकायचो आणि हसायचो. तीस वर्षं पत्रे विकून पत्रा तापतो हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण यंत्रावर आकडा आला की गप्प बसायचं, अशी मला सवय आहे.

आता माझ्या मुलाकडे येतो. मुलगा सरळ आहे, निर्व्यसनी आहे, दिसायला आपल्या आईवर गेलाय हे त्याचं नशीब. पण दुकानात बसणाऱ्या मुलाला हल्ली मुलगी मिळत नाही. 'नोकरी आहे का' हा पहिला प्रश्न आणि तिथेच चहा संपतो. दोन वर्षांत इतक्या ठिकाणांहून 'कळवतो' ऐकलं होतं की मुलगा एक दिवस आईला म्हणाला, "आता पुरे. हे शेवटचं स्थळ. नंतर मला विचारूही नका." ते शेवटचं स्थळ कोल्हारचं. वडील बागायतदार, मुलगी शेतकीची पदवीधर. ती मंडळी आमचं घर बघायला येणार म्हणून बायकोनं पडदे धुतले, मी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं आणि साडूंना बजावलं की बंदूक घरी ठेवून या. त्यांनी शब्द पाळला. बंदूक घरी ठेवून आले. नकाशांबद्दल मी काही बोललो नव्हतो.

पाहुणे आले. मुलीचे वडील पांढरी टोपी, पांढरा सदरा, बोलायला थोडे पण मोकळे. पोहे झाले. मुलामुलीला बोलायला म्हणून गच्चीत पाठवलं. दहा मिनिटांनी दोघं खाली आली ती अनवाणी. उन्हानं गच्चीतलं डांबर मऊ झालं होतं आणि दोघांच्या चपला तिथेच चिकटून राहिल्या होत्या. मुलगी हसत होती. आमचा मुलगाही हसत होता, आणि त्याला तसं हसताना मी फार दिवसांनी पाहत होतो. बायकोनं माझ्याकडे बघून डोळ्यांनीच सांगितलं की जमलं. एवढ्यात मुलीच्या वडिलांनी, निव्वळ माणुसकी म्हणून, कोपऱ्यात गप्प बसलेल्या साडूंना विचारलं, "तुमी काय करता, पाव्हनं?"

पुढचा अर्धा तास मला अजून आठवतो. साडू घरी जाऊन दोन्ही नकाशे घेऊन आले. जिल्ह्याचा नकाशा जमिनीवर पसरला. पाहुणे कौतुकानं वाकले. "आमचं कोल्हार कुटं?" साडूंनी निळ्या पट्टीवर बोट ठेवलं. "वा," ते खूश झाले, "नदी हाय ना. बरोबर हाय." मग गल्लीचा नकाशा उघडला. "आन् हे घर? आपन बसलोय ते?" मी खोकलो. बायको पाणी आणायला उठली आणि जाता जाता साडूंच्या पायावर तिनं जवळजवळ पाय दिला. साडूंनी लालभडक चौकोनावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे. गल्लीतलं सगळ्यात तापणारं." पाहुण्यांनी एकदा निळ्या पट्टीकडे पाहिलं, एकदा लाल चौकोनाकडे, मग मुलीच्या अनवाणी पायांकडे. "आमची पोर निळ्यात वाढलीय," ते सावकाश म्हणाले. "एवढ्या लालात कशी घालायची तिला?" उठताना त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "कळवतो."

त्या दिवसापासून बायको साडूंशी बोलेना. बोलायची ते अक्काच्या मार्फत, आणि तेही साडू समोर उभे असताना. "अक्का, त्यांना सांग, स्केचपेननं दिलेलाच रंग आहे ना, मग त्यावर पांढरा कागद डकवून पिवळा करायला काय जातंय? कोल्हारला नवीन नकाशा पाठवा म्हणावं." साडू म्हणाले, "अगं, रंग मी देत नाही. आकडा येतो, त्याप्रमाणे रंग येतो." बायको म्हणाली, "अक्का, त्यांना सांग, आकड्याला मावशी नसते. माझ्या पोराला आहे." साडूंनी नकाशा काही बदलला नाही. दुसऱ्या दिवशी मुलानं गच्चीत जाऊन मुलीच्या चपला उलथन्यानं सोडवल्या, रॉकेलनं डांबर पुसलं आणि कागदात गुंडाळून दुकानात गल्ल्याखाली ठेवल्या. मी बघितलं नाही असं दाखवलं. त्या चपलांकडे बघून मला साडूंचा मनापासून राग आला होता, तो इथे लपवत नाही.

चौथ्या दिवशी भर दुपारी साडू दुकानात आले. मला वाटलं माफी मागायला आले. ते म्हणाले, "वीजवाले वापरतात ती काळी चिकटपट्टी द्या." चेहरा जरा उतरलेला होता. मी विचारलं तेव्हा त्यांनी मोबाईल पुढे केला. कोल्हारच्या मुलीचा निरोप होता. तिनं त्या दिवशी गल्लीच्या नकाशाचा, कोपऱ्यात लिहिलेल्या साडूंच्या नंबरासकट, फोटो काढून घेतला होता. तिनं विचारलं होतं, 'काका, साऱ्या गल्लीत एकटं तुमचंच घर निळं कसं? वर पत्रा आहे का? चकचकीत?' साडूंनी उत्तर दिलं होतं, 'होय. दर रविवारी धुतो.' त्यावर तिनं लिहिलं होतं, 'कॉलेजात शेडच्या पत्र्यावर आम्हीही असेच फसलो होतो. चकचकीत पत्रा स्वतःची उष्णता दाखवतच नाही, आरशासारखी वरच्या गार आकाशाची दाखवतो. पत्र्यावर काळी चिकटपट्टी लावा, जरा वेळानं त्या पट्टीवर मोजा. आणि काका, हात लावू नका.'

मी दुकान मुलावर सोपवून त्यांच्याबरोबर गेलो. खरं सांगायचं तर माझ्या मनात थोडी दुष्ट उत्सुकता होती. साडू शिडीवर चढले, मी खालून शिडी धरली. आधी त्यांनी नुसत्या पत्र्यावर नेम धरला. "एकवीस," ते वरून म्हणाले, आणि त्या आवाजात अजून थोडी आशा होती. मग पट्टी चिकटवली. आम्ही थांबलो. आत पोळपाटावर लाटणं फिरल्याचा आवाज येत होता. त्यांनी पट्टीवर नेम धरला आणि वरून काहीच आवाज आला नाही. मी विचारलं, "किती?" ते म्हणाले, "पट्टी खराब दिसते." दुसऱ्या जागी दुसरा तुकडा लावला. पुन्हा काही नाही. आणि मग, एवढं बजावून सांगितलेलं असताना, तीस वर्षं आकाशातून पृथ्वी बघितलेल्या त्या माणसानं उजव्या हाताचा तळवा सरळ पत्र्यावर ठेवला.

ओरडले नाहीत. "अं," एवढंच म्हणाले. खाली उतरले, हात माझ्यापुढे धरला. तळवा लाल झाला होता. "एकसष्ट," ते म्हणाले. "तीन उन्हाळे मी आकाशाचा ताप घेत होतो." मला हसू येत होतं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून येईनासंही झालं. अक्का पिठाच्या हातानं बाहेर आली, तिनं तो हात बघितला, काय झालं ते विचारलंही नाही, आणि आतून टूथपेस्ट आणून तळव्याला फासली. "वरून बघितलंत ना?" ती फक्त एवढंच म्हणाली. त्या वेळी माझ्या लक्षात आलं की तिची मान, दंड, सगळं घामोळ्यांनी भरलेलं आहे. भिंतीला भिंत असून मी ते आधी कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडू माझ्या दारात. उजव्या हाताला फडकं, डाव्या हातात नकाशाची गुंडाळी. "कोल्हारला जायचंय," ते म्हणाले. "नकाशात चूक आहे. ज्यांना चुकीचा दाखवला, त्यांच्यासमोर दुरुस्त करायला हवा." मी म्हटलं, अहो, आमचं घर लालच राहणार, मग उपयोग काय? ते म्हणाले, "उपयोगाचं मी म्हणत नाही." मी गल्ल्याखालची कागदातली पुडी घेतली, कारण चपला परत करायला कुणीतरी जायलाच हवं होतं, आणि आम्ही निघालो. मनमाडच्या रस्त्यानं राहुरी मागे पडल्यावर ते म्हणाले, "लालपेक्षा जास्त दाखवायला माझ्याकडे पेनच नाही." मग कोल्हारच्या अलीकडे एका दुकानासमोर स्कूटर थांबवून आम्ही जांभळं स्केचपेन घेतलं.

मुलीचे वडील ओसरीवर होते. आम्हाला बघून ते जरा अवघडले. साडूंनी नमस्कार केला, नकाशा पसरला आणि डाव्या हातानं, वेडावाकडा का होईना, आपल्या घराचा निळा चौकोन जांभळा करायला घेतला. निळ्यावर जांभळं गिरवताना कागद फाटायला आला. मुलगी आतून येऊन दारात उभी राहिली. वडील बघत राहिले. "म्हंजी," ते म्हणाले, "तुमचं घर यांच्यापरीस जास्त तापतं?" "पुष्कळच," साडू म्हणाले. "वर चकचकीत पत्रा आहे, यंत्राला समजलं नव्हतं. म्हणजे, मला." वडिलांनी जांभळ्या चौकोनावर बोट ठेवलं. "आन् या पत्र्याखाली काय हाय?" "स्वयंपाकघर." "तिथं कोन असतं दुपारच्याला?" "आमची मंडळी." "मंग त्या काय म्हनत हुत्या?" साडूंनी पेनचं टोपण लावलं. बराच वेळ ते टोपण नीट बसेना. "तीन उन्हाळे सांगत होती," ते म्हणाले. "उकडतंय म्हणून." वडील त्यांच्याकडे बघत म्हणाले, "मंग मोजायचं काय ऱ्हायलं हुतं, पाव्हनं?"

हा प्रश्न त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारला होता. साडूंनी मान खाली घातली ती वर केली नाही. मी मूर्खासारखी कागदाची पुडी पुढे केली. मुलीनं ती उघडली. चपला बघून ती हसली, पालथ्या करून तळ बघितले आणि म्हणाली, "बाबा, बघा, कुणीतरी घासून स्वच्छ केल्यात." वडिलांनी चपलांकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं, फडकं सैल होऊन उघड्या पडलेल्या, टूथपेस्ट वाळलेल्या त्या तळव्याकडे पाहिलं. "डांबराच्या गच्चीला चुना मारता येतो," ते शेवटी म्हणाले. "लाल घराचं काय न्हाई. पन सवताच्या घराला असा सवताच्या हातानं रंग देनारा मानूस शेजारी असंल, तर पोर द्यायला माझी हरकत न्हाई. तिला इचारा." तिला विचारायची गरज नव्हती. तिनं चपला पायात घातल्या होत्या.

लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. आमच्या गच्चीला चुना लागला, तो मुलानं स्वतः मारला. कोल्हारहून रुखवताच्या आधी टेम्पोभर पाचट आलं, उसाचा वाळलेला पाला, अक्काच्या पत्र्यावर घालायला. व्याह्यांनी स्वतः वर चढून ते अंथरलं, त्यावर पाणी मारलं आणि खाली उतरून हात झटकले. साडूंना वाटलं, आता तो आला की गल्लीचा चौकोन पिवळा होणार. त्या सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून ते आमच्या पांढऱ्या गच्चीत उभे राहिले, शेजारी नवी सूनबाई, तिच्या शेजारी मुलगा, आणि मीही, या खेपेला दाढी करून. चित्र आलं. चौकोन होता तसाच केशरी. साठ घरांत दोन घरांनी काय होणार? सूनबाई म्हणाली, "अजून अठ्ठावन्न आहेत, काका." तेव्हापासून ती आणि साडू चुन्याची बादली घेऊन गल्लीत दारोदार फिरतात, आणि लोक त्यांना आत घ्यावं की नाही अशा चेहऱ्यानं चहा विचारतात.

बंदूक आता सूनबाईकडे असते. साडूंनी ती तिला लग्नात आहेर म्हणून दिली. शिडीवर चढायला त्यांना गुडघे साथ देत नाहीत असं ते सांगतात, पण गुडघे त्यांचे माझ्यापेक्षा चांगले आहेत. दुपारी अक्का पोळ्यांना बसली की ते आत जातात. मागच्या भिंतीला एक लाकडी स्टूल ठेवलंय, त्यावर बसतात, आणि ती उठेपर्यंत उठत नाहीत. मधे एकदा विचारतात, "आज किती?" ती लाटता लाटता सांगते. मला आधी वाटायचं ही त्यांची जुनी थट्टा. मग एके दिवशी त्यांची वही माझ्या हाती लागली. आधीची पानं आकड्यांनी भरलेली, बुरूज, टप, म्हैस, टक्कल. आणि पुढे, तेवढ्याच नीटस अक्षरात, रोजच्या तारखेपुढे एकेकच ओळ. 'कालच्यापेक्षा बरं.' 'सकाळी ठीक, नंतर उकडलं.' 'वारा होता. छान.'

मधल्या एका आठवड्याची पानं कोरी होती. त्या आठवड्यात अक्का लेकीकडे पुण्याला गेली होती आणि साडूंचा डबा आमच्याकडून जायचा. मी सहज म्हटलं, स्वयंपाकघर तर इथंच होतं, पत्राही इथंच होता, मग हे दिवस का सोडले? त्यांनी वही माझ्या हातातून घेतली, ती कोरी पानं बोटानं सारखी केली आणि म्हणाले, "मोजणारी इथं नव्हती."